एकट्याला उचलता येईल असा जनरेटर

९ जानेवारी

दर वर्षी डायरी आणतो आणि चार दिवसांत ती टेलिफोनखाली जाऊन बसते. यंदा लिहिणार आहे, कारण यंदा लिहिण्यासारखं काहीतरी घडणार आहे. आम्ही समुद्र बघायला जाणार.

आम्ही म्हणजे मी, ही आणि सूनबाई. हिची फुप्फुसं थकली आहेत. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू असतं आणि त्याची नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरते. हिचं जग सध्या तेवढंच. मुलानं जायच्या आधी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली होती. बाकडी काढून आत पलंग, कपाटं, छोटी शेगडी बसवली. आईला समुद्र दाखवायचा म्हणून. ‘घरगाडी’ म्हणायचा तिला. गाडी तयार झाली आणि तो गेला. त्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलंय. तेव्हापासून गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे.

आज जेवताना ही एकदम म्हणाली, “ती गाडी काढा. पुढच्या वर्षी माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी काय धाड भरणार आहे तुला?”

सूनबाई वाढता वाढता थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ह्यांचं आधीच काहीतरी शिजलेलं दिसतंय. बायकांचं शिजतं ते आपल्याला ताटात पडल्यावरच कळतं.

अडचण एकच, विजेची. गाडी धावत असेपर्यंत मशीन बॅटरीवर निभेल. मुक्कामाला काय? जनरेटर हवा. “तो मी बघतो,” मी म्हणालो. फार दिवसांनी ‘मी बघतो’ म्हणालो. बरं वाटलं.

१७ जानेवारी

जनरेटरच्या दुकानात जाऊन आलो. गाडी सूनबाईनं चालवली. ही मागे पलंगावर, नाकात नळी, उशाशी छोटा सिलिंडर. “वस्तू माझ्यासाठी घेताय ना, मग मी बघणार,” असा हट्ट.

दुकानदारानं तीन नमुने फुटपाथवर मांडले. पहिला चाकं लावलेला, चांगला दांडगा. सुरू केला तशा दुकानाच्या काचा थरथरल्या. “काका, ह्याच्यावर अख्खी गल्ली उजळेल,” दुकानदार ओरडून म्हणाला. मला तोच आवडला. बस डेपोच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलं माझं; माल गरजेपेक्षा दुप्पट ठेवावा, ही तिथली शिकवण. तिसरा अगदीच चिमुरडा. हिचं मशीन सुरू होताना एक झटका घेतं, त्यातच त्यानं मान टाकली असती. मधला पेटीसारखा बंद, वर कडी. एकवीस किलो. दुकानदार म्हणाला, ह्याची वीज एकसारखी येते, दवाखान्याच्या यंत्रांना हीच बरी, आणि आवाजही कमी. फक्त बंद जागेत लावायचा नाही, धूर बाहेर गेला पाहिजे. ते काय मला सांगायला हवं?

मी मोठ्याच्या बाजूनं बोलत होतो, तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून हिचा आवाज आला. “तुम्हाला एकट्याला उचलता येईल असा घ्या.”

“एकट्याला कशाला? दुसऱ्या बाजूला सूनबाई आहे की.”

सूनबाई पुढची काच पुसत होती. काच स्वच्छच होती.

२१ जानेवारी

दोन दिवस अबोला. “नाकापेक्षा मोती जड,” एवढंच ही एकदा म्हणाली, आणि परत भिंतीकडे तोंड. शेवटी मधला आणला. आणल्यावर हिनं मला तो तिच्यासमोर उचलायला लावला. अंगणातून गाडीपर्यंत, गाडीपासून पायरीपर्यंत.

“कमरेतून वाकू नका. गुडघ्यातून.”

“आता हे पण तूच शिकवणार?”

ठेवला तेव्हा हिनं टाळ्या वाजवल्या. हात इतके बारीक झालेत की टाळीला आवाजच नाही.

१४ फेब्रुवारी

मोतीबिंदू काढला. हाही हिचाच हट्ट. “दोघं चालवणारे असले म्हणजे तिला विश्रांती मिळेल.” मग लायसन्सचं नूतनीकरण. मग सराव. रोज सकाळी सूनबाई मला बंद गिरणीमागच्या मैदानात नेते. मी चालवतो, ती शेजारी बसते, एक हात हँडब्रेकजवळ.

“बाबा, आरशात बघा.”

“मागचं बघून काय करू? जायचं पुढे.”

ती हसली. मग तोंड खिडकीकडे केलं. डोळ्यांत कचरा गेला म्हणाली. मैदानात धूळ आहे खरी.

१९ फेब्रुवारी

आज वेल्डरला बोलावलं. गाडीच्या मागे बाहेरून लोखंडी चौकट बसवून घेतली, जनरेटर त्यात फिट बसतो. वरून आडवी पट्टी, तिला बोल्ट. मग साखळी, तिला कुलूप. मुक्कामाला चालवताना जनरेटर गाडीपासून लांब ठेवायचा, त्यासाठी लांब वायर आणि झाडाला बांधायला वेगळी साखळी. तिला दोन कुलपं. वेल्डर म्हणाला, एक पुरे. मी म्हणालो, माझ्या स्टोअरमधून कधी नटसुद्धा गेला नाही.

“बाबा, जनरेटर आहे का दरोडेखोर?” सूनबाई म्हणाली.

“ह्यांना जमलं असतं तर आपल्यालाही साखळी घातली असती, बाई,” ही म्हणाली. दोघी हसत सुटल्या. हिला खोकल्याची उबळ आली तरी थांबेनात.

मी नाही हसलो. गेलेली वस्तू परत येत नाही. ज्याचं गेलंय त्याला विचारा.

२७ फेब्रुवारी

बांधाबांध. हिचं सामान एका पिशवीत, माझं दुसऱ्या. सूनबाईच्या दोन ट्रंका, वर तिचं शिवणयंत्र आणि कापड कापायची ती भलीमोठी कात्री. लोकरीचा कोटसुद्धा. आत्ता, उन्हाळ्याच्या तोंडावर!

“आठवडाभराच्या प्रवासाला शिवणयंत्र?”

“गाडीचे पडदे शिवेल ती,” ही म्हणाली.

“पडदे आहेत की.”

“दुसरे शिवेल.”

सूनबाई गेले चार दिवस घर घासते आहे. माझ्या औषधांचे डबे लावून दिले, सकाळचे वेगळे, रात्रीचे वेगळे. गॅसवाल्याचा नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. काल मला उभं करून भाजी करायला लावली. “मीठ शेवटी टाका, बाबा.” मी म्हणालो, अगं, तू असताना मला कशाला हे? तर म्हणते, असू द्या, हात वळलेला बरा. घरचा बॉस बदललाय, एवढं समजलो.

३ मार्च

निघालो. पहिला मुक्काम एका तळ्याकाठी. जनरेटर लांबच्या झाडाखाली साखळदंडात, दोन कुलपं. कुठेतरी दुसऱ्याच्या घरात मिक्सर चालावा एवढाच आवाज. ही खुर्चीत पाण्याकडे तोंड करून बसली. नळी गाडीच्या दारातून बाहेर आलेली. हिचं जग उंबरा ओलांडून तळ्यापर्यंत आलं! दीड पोळी खाल्ली. महिनाभरात एवढी नव्हती खाल्ली.

माझी निवड चुकली नाही म्हणायची.

५ मार्च

पेट्रोलपंपावर एक ट्रक ड्रायव्हर भेटला. आमची चौकट, साखळी न्याहाळून म्हणाला, “पुढच्या पट्ट्यात जपा. माझ्या ओळखीच्याचा जनरेटर चालू होता, चालू असताना उचलून नेला. कटर असतात त्यांच्याकडे.”

चालू असताना! म्हणजे ही झोपलेली असेल आणि मशीन बंद पडेल. तेव्हापासून मुक्कामाला दर थोड्या वेळानं जाऊन बघून येतो. सूनबाई म्हणते, सिलिंडर आहे, बॅटरी आहे, मी आहे. तिला काय कळणार?

७ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. लिहायलाच हवं.

काल दुपारी एका बंद पडलेल्या ढाब्यामागे थांबलो. माणसांची ये-जा विचित्र वाटली. दोघं जण मोटारसायकलवरून दोनदा गेले. सूनबाई पाणी आणि ब्रेड आणायला चालत गावात गेली होती. मला सुचलं ते असं: गाडीच्या मागे पलंगाखाली सामानाचा कप्पा आहे, त्याचं झाकण बाहेरून उघडतं. मी जनरेटर उचलून त्या कप्प्यात ठेवला आणि सुरू केला. झाकण वीतभर उघडं ठेवलं, धुराचं तोंड तिकडे केलं. आता कोण नेतो बघू, म्हटलं. धूळ येत होती म्हणून खिडक्या लावून घेतल्या. ही पलंगावर पडली होती. मी शेजारी बसलो.

डोकं दुखायला लागलं. ऊन बाधलं असं वाटलं. ही म्हणाली, “आज छान झोप येतेय हो.” मी म्हणालो, झोप. मलाही पेंग येत होती. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. जनरेटर आमच्या अंगाखाली, आवाज येतोय म्हणजे आहे.

नंतर आठवतं ते दार उघडल्याचं आणि सूनबाईच्या किंचाळण्याचं. तिनं हिला काखेत धरून बाहेर ओढलं, मग मला. उघड्या जमिनीवर पाडलं. मशीन हवेतूनच ऑक्सिजन घेतं, आणि मी त्या हवेतच धुराचं विष सोडलं होतं. तिनं सिलिंडर हिला लावला, जनरेटर लाथेनं बंद केला आणि आम्हाला गाडीत घालून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर तुम्ही दोघंही वाचला नसता.

ही मास्कखाली डोळे मिटून होती. सूनबाई कॉटच्या दांडीला धरून उभी होती. ह्या घरात आल्यापासून तिनं कधी आवाज चढवला नव्हता, तो काल चढवला.

“तुम्हाला सांगितलं होतं ना, बंद जागेत नाही! मी वेळेवर आले म्हणून. उद्या मी नसताना तुम्ही असंच—”

ती थांबली.

“नसताना म्हणजे?” मी म्हणालो. “तू कुठे चाललीस?”

तिनं हिच्याकडे पाहिलं. हिनं डोळे उघडले आणि चादरीवरचा हात जरासा हलवला. सांग, असा.

“बाबा, मी परत येणार नाहीये. समुद्राच्या गावी शिवणशाळेत शिकवायची नोकरी मिळालीय. वर खोली आहे. एक तारखेपासून हजर व्हायचंय.” मग खाली बघत, “मी रोज सांगणार होते.”

मास्क बाजूला करून ही म्हणाली, “तिला बोलू नका. अर्ज मीच करायला लावला.”

मी बाहेर येऊन ह्या बाकावर बसलो. ट्रंका. लोकरीचा कोट. मीठ शेवटी टाका. सगळ्यांना माहीत होतं. जनरेटरलाही माहीत असेल.

८ मार्च

आज काही नाही.

१० मार्च

समुद्र.

डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, ही ऐकेना. “इथवर आणून परत नेलंत तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.” जन्म केवढा उरलाय ते तिला आणि मला ठाऊक.

सूनबाई शाळेच्या बाईंना भेटायला गेली. मी हिला धरून वाळूवर आणलं, सिलिंडर खांद्याला अडकवून. पाणी पायाला लागलं. ही बराच वेळ बघत राहिली.

“मला वाटलं होतं मोठा असेल,” म्हणाली.

“ह्याच्याहून मोठा आणू कुठून?”

हसली. मग विचारलं, “त्यानं बघितला होता का हो कधी?”

“नाही.”

“मग त्याला कसं माहीत, मला आवडेल?”

आम्ही ओल्या वाळूतच बसलो. तो गेल्यापासून त्याच्याबद्दल दोघांत काही बोलणं झालं ते आज पहिल्यांदा. लहानपणी तो आंघोळीच्या बादलीत कागदी नावा सोडायचा आणि त्या भिजल्या की आमच्यावर चिडायचा. हिला आठवलं, मलाही आठवत होतं. दोघंही दोन वर्षं ते एकमेकांपासून लपवून बसलो होतो.

मग मी विचारलं, “मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही तिला जाऊ दिलं नसतंत.”

“मी काय तिला डांबून ठेवलं असतं?”

“नाही. तुम्ही नुसते खोकला असता, आणि ती राहिली असती.” जरा दम घेऊन, “मी गेल्यावर तुमच्या ताटाची, औषधांची काळजी करत ती म्हातारी झाली असती. आणि तुम्ही होऊ दिलं असतंत. प्रेमानंच केलं असतं, पण केलं असतंत.”

लाटा येत होत्या. मी म्हणालो, “कुणी आहे का तिचं?”

“अजून नाही. असायला हवं.”

१२ मार्च

सूनबाईची खोली पाहिली. शिवणशाळेच्या वर, जिन्याला कठडा नाही, खिडकी मात्र मोठी. ट्रंका मी वर चढवल्या. शिवणयंत्र दोघांनी मिळून. कुठे ठेवायचं ह्यावर थोडा वाद झाला. मी म्हणालो, उजेडाकडे. ती म्हणाली, उजेड डाव्या हाताला हवा. तिचंच खरं होतं.

दाराची कडी ढिली होती. स्क्रू आणून आवळून दिली. आणखी काहीतरी दुरुस्त करायला मिळतं का बघत होतो. नळ ठीक होता. दिवा ठीक होता.

ही खाली गाडीत होती. सूनबाई तिच्याजवळ जाऊन बसली, दार लावून घेतलं. आत काय बोलल्या मला माहीत नाही आणि विचारलंही नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि गळ्यात हिची निळी शाल.

“बाबा, त्या दिवशी ओरडले.”

“ओरडायलाच हवं होतंस.”

“घाटात गियरवर उतरा. ब्रेकवर नका.”

“हो.”

“आणि तो लांब ठेवा.”

“हो गं.”

मी गाडी सुरू केली. आरशात बघायची शिकवण तिचीच. बघितलं. वळणापर्यंत ती तिथेच होती.

१३ मार्च

मुक्काम. जनरेटर चौकटीतून काढला, पार त्या टोकाच्या झाडापाशी नेऊन ठेवला. एकच साखळी. नेला कुणी तर नेऊ दे, तेवढ्यासाठी बॅटरी आहे, सिलिंडर आहे, मी आहे.

हिनं विचारलं, “घाबरलात का आज घाटात?”

“हो.”

“मी पण,” म्हणाली, आणि माझा हात धरून झोपली.

१५ मार्च

घरी पोचलो. आज भाजी मी केली. मीठ दोनदा पडलं. हिनं सगळी खाल्ली.

२८ एप्रिल

नळी आता नुसती पलंगापुरती लागते. समुद्राचं गाव पुन्हा पुन्हा आठवतं. सूनबाईचा फोन रविवारी येतो. दोघी बोलतात म्हणजे सूनबाई बोलते आणि ही ऐकते. शाळेतल्या मुलींनी उलटी बाही कशी जोडली ते ऐकून ही परवा हसली, आणि त्या हसण्यानं लागलेली धाप उतरायला फार वेळ लागला. मी पाठ चोळत होतो. पाठीत नुसती हाडं.

२ जून

ही गेली. सकाळी. चहा गार होत होता.

मशीन मीच बंद केलं. घर इतकं शांत असतं हे विसरलो होतो.

१४ जून

सूनबाई दुसऱ्याच दिवशी आली होती, मिळेल त्या गाडीनं. तिनंच सगळं सांभाळलं. माणसं आली, गेली. मशीन दवाखान्याला देऊन टाकलं. हिचं कपाट आवरताना ती रडली, मी अंगणात जाऊन उभा राहिलो. दोघंच उरलो तेव्हा तिनं सकाळी चहा केला, संध्याकाळी दिवे लावले, मला औषधं काढून दिली. चौथ्या दिवसापासून मी कुठलं औषध केव्हा घ्यायचं ते खरोखरच विसरायला लागलो. माणूस किती लवकर सोकावतो.

काल रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, मी राहते. नोकरीचं बघता येईल. इथेही शिवणकाम मिळेल.”

तिनं मनापासून म्हटलं होतं. मला ते दिसत होतं. ‘राहा’ हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. मला खोकला आला होता, खरोखरचा. पाण्याचा घोट घेतला आणि दोन्ही एकदमच गिळले.

“नको,” म्हणालो. “तू असलीस की मला मोकळेपणानं घोरता येत नाही.”

ती हसली आणि ताटावरच रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगा असता तर त्यानं काय केलं असतं? त्यानंही हेच केलं असतं, असं आपण म्हणायचं.

आज सकाळी तिला बसवर सोडलं. गाडी मीच चालवत नेली. बॅग वरच्या फळीवर चढवून दिली, खिडकीजवळची जागा धरून दिली, ड्रायव्हरला उगाचच सांगितलं, सावकाश ने. उतरलो. बस सुटायच्या बेतात असताना ती काचेआडून काहीतरी सांगायला लागली, खूप काही, घाईघाईनं. इंजिनाच्या घरघरीत एक शब्द ऐकू आला नाही. काच तिला उघडेना.

मी हो म्हणून मान हलवली. बस वळेपर्यंत हलवतच राहिलो.